ज्युपिटर वाद्यकुलाची वाटचाल : नाव, नाद आणि वारसा

प्रस्तावना

गेल्या काही दशकांत इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा विचार प्रामुख्याने तंत्रज्ञानाच्या अंगाने झाला. कोणते वाद्य केव्हा आले, त्यात किती स्वर एकाच वेळी वाजतात, त्याची स्मृती किती, अशा तपशिलांची नोंद विपुल आहे. त्या मानाने या वाद्यांची कलासमीक्षेच्या अंगाने झालेली चिकित्सा अल्प आहे. सतार, सारंगी किंवा व्हायोलिन यांच्याबद्दल बोलताना वाद्याचा स्वभाव, त्याची मर्यादा आणि वादकाशी असलेले त्याचे नाते यांची चर्चा होते. तशीच चर्चा सिंथेसायझरच्या बाबतीतही शक्य आहे आणि आवश्यकही आहे.

या दृष्टीने रोलँड या जपानी कंपनीचे ‘ज्युपिटर’ वाद्यकुल अभ्यासास विशेष उपयुक्त ठरते. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे रोलँडची स्थापना केली. १९७८ मधील ज्युपिटर-४ पासून २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ज्युपिटर-एक्सपर्यंत चार दशकांहून अधिक काळ हे नाव कमीअधिक अंतराने पुन:पुन्हा अवतरले आहे. या काळात वाद्याच्या आतील तंत्र संपूर्ण बदलले. विद्युत्‌दाबावर चालणारी मंडले गेली आणि त्यांच्या जागी संगणकीय गणित आले. असे असता या सर्व वाद्यांना एका कुलातील म्हणावे काय, आणि म्हणावे तर कशाच्या आधारावर, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

कुलाचा आरंभ : ज्युपिटर-४ आणि ज्युपिटर-८

सिंथेसायझरच्या जुन्या पद्धतीत ऑसिलेटर हा घटक मूळ ध्वनी निर्माण करतो, फिल्टर त्यातील काही अंश वगळतो आणि ध्वनी कसा उमटावा, टिकावा व विरावा हे एन्व्हलप ठरवतो. आरंभीची बहुतेक वाद्ये एका वेळी एकच स्वर वाजवीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोप्रोसेसरचा वापर होऊ लागल्यावर अनेक स्वर एकत्र वाजविणे आणि तयार केलेला ध्वनी वाद्यातच साठविणे साध्य झाले. १९७८ मध्ये अमेरिकेत सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-५ आले आणि त्याच वर्षी रोलँडचे ज्युपिटर-४ आले.

ज्युपिटर-४ मध्ये एका वेळी चार स्वर वाजत आणि प्रत्येक स्वरामागे एक ऑसिलेटर असे. वादकाला स्वत:चे ध्वनी साठविण्यासाठी केवळ आठ जागा होत्या. प्रॉफेटच्या तुलनेत ते साधे वाद्य होते. परंतु धरून ठेवलेल्या स्वरसमूहातील स्वर एकामागून एक आपोआप वाजविणारा आर्पेजिएटर ही त्याची सोय पुढे या कुलाची खूण ठरली. ड्युरान ड्युरान या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९८२ मधील ‘रिओ’ या गीतातील धावत्या स्वरांची मालिका निक ऱ्होड्स यांनी ज्युपिटर-४ वरच घडविली होती.

१९८१ मध्ये आलेले ज्युपिटर-८ हे या कुलाचे शिखर मानले जाते. एकाच वेळी आठ स्वर, प्रत्येक स्वरामागे दोन याप्रमाणे सोळा ऑसिलेटर, एकसष्ट पट्ट्या आणि चौसष्ट ध्वनींची स्मृती ही त्याची स्थूल वैशिष्ट्ये होत. पट्ट्यांचे दोन भाग करून प्रत्येक भागावर निराळा ध्वनी वाजविता येई, किंवा दोन ध्वनी एकमेकांवर ठेवता येत. ‘युनिझन’ या व्यवस्थेत एकच पट्टी दाबल्यावर सर्व ऑसिलेटर एकवटून एकच घनदाट स्वर निघे. अमेरिकेत त्याची किंमत पाच हजार डॉलरांहून अधिक होती. म्हणजे ते सर्वसामान्य वादकाचे वाद्य नव्हतेच. अल्प खर्चात असा ध्वनी हवा असणाऱ्यांसाठी रोलँडने १९८२ पासून ज्युनो ही निराळी मालिका काढली, तीत प्रत्येक स्वरामागे एकच ऑसिलेटर होता.

तथापि ज्युपिटर-८ चे महत्त्व या आकड्यांत सामावत नाही. त्याच्या दर्शनी फलकावर ध्वनीच्या जवळजवळ प्रत्येक अंगासाठी स्वतंत्र स्लायडर किंवा बटण होते. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की ध्वनी कसा घडतो याचा क्रमच वाचावयास मिळे. वाजविता वाजविता वादकाचा एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा फलकावर राहू शके, त्यामुळे ध्वनी घडविणे आणि संगीत वाजविणे या दोन क्रिया एकाच वेळी चालत. पट्टी हळू दाबली की जोराने, हे त्याला उमगत नसे. ही उणीव हाताने फलकावरच भरून काढावी लागे. ज्युपिटर-८ चा स्वभाव या देवाणघेवाणीतून घडलेला आहे.

त्याच्या स्वभावाचे दुसरे अंग म्हणजे अस्थिरता. विद्युत्‌दाबावर चालणारे ऑसिलेटर तापमानानुसार किंचित सरकतात. म्हणूनच वाद्यावर सर्व ऑसिलेटर पुन्हा सुरात आणणारे बटण होते. सोळा ऑसिलेटर तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या सूक्ष्म फरकामुळे नादाला एक जिवंत हेलकावा मिळतो. तानपुऱ्याच्या दोन जोडतारा जुळल्या असूनही पूर्णत: एक होत नाहीत आणि त्यातूनच नादाची गोलाई येते, हा अनुभव असलेल्या श्रोत्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

फलक आणि नाद यांची फारकत

१९८३ मधील ज्युपिटर-६ मध्ये सहा स्वर आणि बारा ऑसिलेटर होते. ऐतिहासिकदृष्ट्या त्याचे स्थान वेगळ्या कारणाने मोठे आहे. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडण्यासाठी ‘मिडी’ ही समान संकेतप्रणाली सिद्ध झाली, तेव्हा जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ जोडून तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. या कार्यासाठी काकेहाशी आणि सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक क्षेत्रातील ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मिडीमुळे एक अनपेक्षित परिणाम घडला. पट्ट्या एका वाद्यात आणि ध्वनी दुसऱ्या पेटीत, अशी विभागणी शक्य झाली. १९८४ चे एमकेएस-८० हे ‘सुपर ज्युपिटर’ याच विचाराचे अपत्य होय. त्यात आठ स्वरांचा ज्युपिटर नाद होता आणि पट्टीवरील दाबाचा फरकही त्याला कळे. परंतु त्याला पट्ट्या नव्हत्या आणि दर्शनी स्लायडरही नव्हते, ते हवे असल्यास वेगळे नियंत्रक यंत्र विकत घ्यावे लागे. नादाच्या दृष्टीने हे वाद्य समृद्ध होते, वादनाच्या दृष्टीने मात्र त्याचा हातच तोडलेला होता.

याच सुमारास बाजारपेठेची दिशाही बदलली होती. १९८३ मध्ये यामाहाचे डीएक्स-७ हे डिजिटल वाद्य आले. त्याचा नाद वेगळा, स्वच्छ आणि सुरात स्थिर होता. मात्र त्यात ध्वनी घडविण्यासाठी एका लहान पडद्यावर एकेक आकडा बदलत जावे लागे. त्याच्या यशानंतर अनेक कंपन्यांनी स्लायडरांचा फलक सोडला. परिणामी बहुसंख्य वादक तयार ध्वनी निवडून वाजवू लागले. ज्युपिटर-८ चे उत्पादनही १९८० च्या दशकाच्या मध्यास थांबले. केवळ ‘जुने तंत्र गेले, नवे आले’ असे या घटनेचे वर्णन करणे अपुरे आहे. वादकाच्या हातातून ध्वनी घडविण्याची क्रिया निसटली, हा त्यातील सांस्कृतिक आशय होय.

मुंबईतील एक साक्ष

ज्युपिटर-८ च्या सामर्थ्याची एक महत्त्वाची साक्ष मुंबईत घडली. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांमुळे हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर १९७० च्या दशकातच आला होता. त्याच क्षेत्रातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर मांडले. सुरावटीसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जातील आवर्ती स्वरांसाठी टीबी-३०३. त्या काळी ही ध्वनिमुद्रिका फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ने तिचे पुनर्प्रकाशन केल्यावर जगभरच्या श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडे गेले. शिकागोत १९८७ मध्ये फ्यूचर या गटाच्या ध्वनिमुद्रणाने प्रसिद्धीस आलेल्या ‘ॲसिड हाउस’ या संगीतप्रकाराशी तिचे साम्य अनेकांना जाणवले. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.

या ध्वनिमुद्रिकेची चर्चा बहुधा ‘हे संगीत प्रथम कोणी केले’ या वादात अडकते. समीक्षेच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रश्न असा की, सम अंतराने बारा स्वर बांधलेल्या वाद्यावर राग कितपत उभा राहतो. हा प्रश्न भारतात नवा नाही. बांधील पट्ट्यांच्या याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीन दशके टिकली. तोडीतील अतिकोमल गंधार पट्टीवर सापडत नाही. हा आक्षेप ज्युपिटरलाही तितकाच लागू पडतो.

परंतु पेटीत नसलेल्या दोन सोयी ज्युपिटर-८ मध्ये होत्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा पोर्टामेंटो, आणि स्वर वरखाली वाकविणारी दांडी. या सोयी मींडेच्या दिशेने जातात, मात्र मींडेपर्यंत पोहोचत नाहीत. पोर्टामेंटोचा वेग फलकावर आधी ठरलेला असतो आणि तो सर्व स्वरांना सारखाच लागू होतो. गायकाची मींड कोठे रेंगाळावी आणि कोठे झपकन उतरावी हे त्या क्षणी ठरवते. म्हणून या ध्वनिमुद्रिकेतील राग परंपरेच्या कसोटीवर अपुरे भासतात, आणि हा दोष मान्य करावयास हवा. त्याचबरोबर तिचे यशही मान्य करावयास हवे. रागाचा स्वरसंच अविरत चालणाऱ्या यांत्रिक लयीत ठेवला असता त्याची पुनरावृत्ती कंटाळवाणी न होता गुंगविणारी होऊ शकते, हे तिने दाखविले. ओसाकातील कोणाही अभियंत्याने ज्युपिटर घडविताना तोडीचा विचार केला असण्याची शक्यता नाही. अभियंत्याच्या कल्पनेबाहेरचा उपयोग सामावून घेण्याची क्षमता हे थोर वाद्याचे लक्षण आहे आणि ज्युपिटर-८ त्यास पात्र ठरते.

नाव नसलेला वारस

१९९० च्या दशकात जुन्या नादाची ओढ पुन्हा वाढली. १९९५ मध्ये स्वीडनमधील क्लाव्हिया कंपनीच्या नॉर्ड लीड या वाद्याने जुन्या मंडलांचे वर्तन गणिताने उभे करण्याची पद्धत लोकप्रिय केली. रोलँडचे त्यास उत्तर म्हणजे १९९६ चे जेपी-८०००. या वाद्यावर ‘ज्युपिटर’ हे नाव नाही, केवळ ‘जेपी’ ही अक्षरे त्याचा संकेत देतात. आत एकही विद्युत्‌दाबाचा ऑसिलेटर नाही. शुद्धतावादी समीक्षकांनी म्हणूनच त्याला कुलाबाहेरचे मानले.

तुलना मात्र वेगळे सांगते. आठ स्वर, पट्ट्यांचे दोन भाग करण्याची किंवा दोन ध्वनी एकत्र वाजविण्याची सोय, आर्पेजिएटर आणि दर्शनी फलकावर पसरलेले स्लायडर ही ज्युपिटर-८ ची सारी प्रमुख अंगे त्यात परत आली. रोलँडने १९९१ च्या जेडी-८०० मध्ये स्लायडर पुन्हा आणले होते. परंतु ज्युपिटरच्या वादनरीतीशी त्यांचा मेळ जेपी-८००० मध्ये बसला. त्यातील ‘सुपरसॉ’ हा ध्वनी किंचित बेसूर ठेवलेल्या सात करवती तरंगांचा समूह एकाच ऑसिलेटरच्या जागी उभा करतो. ज्युपिटर-८ च्या युनिझनमध्ये जे घडे तोच विचार येथे पुढे नेलेला दिसतो. फरक इतकाच की युनिझनमध्ये वाद्याची सारी शक्ती एका स्वरावर खर्च होई, आणि सुपरसॉमध्ये प्रत्येक स्वराला तो घनपणा लाभला. युरोपातील ट्रान्स संगीताची ओळखच पुढे या ध्वनीशी जोडली गेली.

संगीतातील घराण्यांचा दाखला येथे उपयोगी पडतो. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांचे आवाज एकसारखे नव्हते. गुरूच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला घराण्याचा वारस कोणी म्हणत नाही. स्वर लावण्याची आणि राग वाढविण्याची रीत ज्याने आत्मसात केली आणि स्वत:च्या गळ्याने पुढे नेली, तो वारस. या निकषावर जेपी-८००० हे ज्युपिटर कुलाचे औरस अपत्य ठरते.

नावाचे पुनरागमन

२०११ मध्ये ज्युपिटर हे नाव ज्युपिटर-८० या वाद्यावर परतले. शहात्तर पट्ट्या आणि जुन्या ज्युपिटरची आठवण करून देणारी रंगीत बटणे त्यावर होती. परंतु त्याचे उद्दिष्ट पूर्णत: वेगळे होते. व्हायोलिन, ट्रम्पेट यांसारखी वाद्ये वादक प्रत्यक्ष कशी वाजवतो, त्या वर्तनाचे अनुकरण ‘सुपरनॅचरल’ या तंत्राने करणे हा त्याचा गाभा होता. हे तंत्र क्षुद्र नव्हते. पट्ट्यांच्या वाद्यावर इतर वाद्यांची वादनशैली आणण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. तथापि ध्वनी घडविण्याचे बहुतेक काम पडद्यावर गेले होते. त्यामुळे जुन्या वादकांची निराशा झाली, आणि त्या निराशेत वाद्याच्या स्वत:च्या गुणांचेही न्याय्य मूल्यमापन झाले नाही. नावाने दिलेले वचन वाद्याने पाळले नाही, ही टीका योग्य आहे. परंतु तिचा रोख वाद्यापेक्षा नामकरणाकडे असावयास हवा होता.

यानंतर कंपनीने उलट टोक गाठले. २०१५ च्या जेपी-०८ मध्ये ज्युपिटर-८ चा फलक स्लायडरांसह लहान आकारात उतरविण्यात आला. जुन्या मंडलातील घटकांचे वर्तन एकेक करून गणिताने उभे करण्याचे तंत्र त्यात वापरले. नाद मूळ वाद्याच्या पुष्कळ जवळ आला. मात्र आठऐवजी चारच स्वर उरले, पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागल्या आणि बोटांना स्लायडरांवर मोकळेपणाने फिरण्यास जागा राहिली नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ज्युपिटर-एक्स व ज्युपिटर-एक्सएम या वाद्यांत ज्युपिटर-८ बरोबरच ज्युनो-१०६, जेएक्स-८पी, एसएच-१०१ अशा रोलँडच्या इतर जुन्या वाद्यांचेही नाद एकत्र आणले गेले. भरीव बांधणी आणि पुष्कळ स्लायडर असूनही अनेक गोष्टींसाठी पडद्यातील याद्या उलगडाव्याच लागतात. एकाच फलकाने अनेक वाद्यांचे काम करावयाचे म्हटल्यावर त्या फलकाचा कोणत्याही एका वाद्याशी असलेला घट्ट संबंध सैल होतो, हे त्यामागील कारण आहे.

या टप्प्यावर कुलाचे स्वरूप संग्रहालयासारखे झाले आहे. ‘मूळ ज्युपिटर-८ सारखे वाजते का’ हा एकच प्रश्न मूल्यमापनाचा निकष बनला आहे. या निकषाचा एक लाभ निर्विवाद आहे. मूळ वाद्ये आता जुनी झाली आहेत, त्यांचे सुटे भाग दुर्मीळ आणि किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर आहेत. तेव्हा तो नाद विद्यार्थ्याच्या हाती येणे ही मोठीच सोय होय. परंतु साम्य हाच अंतिम निकष मानला तर १९८१ चे वाद्य कायमचे परिपूर्ण ठरते आणि पुढील प्रत्येक वाद्य त्याची कमीअधिक यशस्वी प्रतिकृती. अशा कुलाला भूतकाळ असतो, भविष्य नसते.

निष्कर्ष

ज्युपिटर कुलाच्या वाटचालीत नाव, नाद आणि वादनरीती हे तीन धागे आरंभी एकत्र होते आणि पुढे वेगळे झाले. एमकेएस-८० मध्ये नाद टिकला, फलक गेला. जेपी-८००० मध्ये वादनरीती परतली, नाव गेले. ज्युपिटर-८० मध्ये नाव परतले, वादनरीती दुरावली. जेपी-०८ मध्ये नाद आणि फलक दोन्ही आले, पण आकुंचित होऊन. कंपनीच्या इतिहासात ही वाटचाल सरळ प्रगतीची रेषा म्हणून मांडली जाते. प्रत्यक्षात तो या तीन धाग्यांना पुन्हा एकत्र विणण्याचा, अद्याप पूर्णत: न साधलेला प्रयत्न आहे.

या तिन्हींत वादनरीती हा निर्णायक घटक मानावयास हवा. वादकाने वाजविताना ध्वनी घडवावा, ही मुभा या कुलाने दिली आणि तिच्यातूनच मुंबईतील रागांची अनपेक्षित मांडणी किंवा युरोपातील ट्रान्स संगीत यांसारखे नवे आविष्कार जन्मले. केवळ नादाच्या साम्यातून असा आविष्कार झाल्याचे या कुलाच्या इतिहासात आढळत नाही.

संगीत विभागांना आणि महाविद्यालयीन ध्वनिप्रयोगशाळांना हा निष्कर्ष व्यवहारातही उपयोगी पडावा. वाद्य निवडताना प्रसिद्ध नाव किंवा जुन्या ध्वनींची लांबलचक यादी पाहण्यापेक्षा त्या वाद्यावर विद्यार्थ्याचा हात ध्वनीपर्यंत किती थेट पोहोचतो, हे तपासणे अधिक हिताचे आहे. साध्या, स्वस्त, परंतु मोकळ्या फलकाच्या वाद्यावर शिकणारा विद्यार्थी ध्वनीची घडण समजून घेईल. तयार ध्वनी निवडीत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ज्युपिटर हे नाव येईल, ज्युपिटरची विद्या येणार नाही.